दोरी सोडलेली बाहुली

पडद्यावरचे चित्र हलते, ते कुणीतरी हलवतो म्हणून. दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या नाचवल्या, त्या एकेक काडी हाताने सरकवून आणि दर सरकवणुकीला एक छायाचित्र घेऊन. डिस्नेच्या कारखान्यात काडीच्या जागी पेन्सिल होती, सेकंदाला चोवीस चित्रांचा हिशेब होता, पण दोरी शेवटी माणसाच्याच बोटात. संगणक आला तरी हे लगेच बदलले नाही. १९८६ साली पिक्सारमध्ये जॉन लॅसेटर यांनी ‘लक्सो ज्युनिअर’ हा लघुपट केला. त्यातला छोटा टेबलदिवा चेंडूवर उडी घेतो, पण ती उडी लॅसेटरनी ठरवलेली आहे. दिव्याचे वजन, झोक, उडीआधीचे दबणे हे सारे कलावंताच्या नजरेतून उतरलेले.

दोन वर्षांनी अँड्र्यू विटकिन आणि मायकेल कास यांनी उलटा प्रश्न घातला. दिव्याला उडी शिकवायचीच कशाला? त्याला वजन द्या, सांध्यांना जोर द्या, कुठून निघायचे आणि कुठे उतरायचे ते सांगा. मग न्यूटनचे नियम न मोडता, कमीत कमी श्रमात तिथे कसे पोचायचे, ते संगणकालाच शोधू द्या. आणि गंमत बघा, दिवा उडीआधी आपसूक दबला! डिस्नेच्या चित्रकारांनी वर्षानुवर्षे नजर घासून जे हस्तगत केले होते, ते येथे गणितातून बाहेर आले. याने कुणी हिरमुसून जाण्याचे कारण नाही. चित्रकारांची नजर किती खरी होती, याचाच तो पुरावा.

पण खरे धाडस कार्ल सिम्स यांचे. १९९४ साली त्यांनी प्राणीच निर्माण केले, साध्या ठोकळ्यांचे. ठोकळे किती, सांधे कुठे, स्नायूंना हुकूम देणारा मेंदू कसा, यातले काहीच त्यांनी आखले नाही. तीनशे प्राण्यांची एक पिढी घ्यायची, त्यात जे लांब पोहतील वा चालतील त्यांचीच संतती पुढे न्यायची, मधूनमधून थोडा फेरफार होऊ द्यायचा. अशा पन्नास-शंभर पिढ्या. डार्विनच तो, फक्त काही तासांत उरकलेला. कुणी सापासारखे वळवळत पोहू लागले, कुणी एकाच हाताने जमीन ओढत सरकू लागले. बघताना हसू येते आणि जराशी धास्तीही वाटते.

यात एक भानगड झाली, ती मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत बोलकी वाटते. चालण्याची परीक्षा म्हणजे पुढे जाण्याची परीक्षा. मग उंचच उंच वाढायचे आणि सरळ कोसळायचे, म्हणजे झाले की पुढे जाणे! तेव्हा सिम्सना आधी प्राण्याला पुरते खाली पडू द्यावे लागले आणि मगच परीक्षा सुरू करावी लागली. बनावट पदार्थविज्ञानात बारीकशी चूक राहिली, तर हे प्राणी ती हटकून शोधून काढतात आणि तिच्यावर जगतात, असेही त्यांना आढळले. शाळेत कॉपी करणाऱ्या पोरांहून हे निराळे नव्हे, बरं का.

सिम्स यांच्यापाशी मोठे यंत्र होते आणि वेळ होता. खेळाच्या पडद्यावर मात्र पुढचे चित्र सेकंदाच्या तिसाव्या वा साठाव्या हिश्शात हजर व्हावे लागते. १९९८ साली ज्युरासिक पार्कवरचा ‘ट्रेसपासर’ हा खेळ निघाला. त्यातल्या डायनासोरांची चाल आधी काढून ठेवलेली नव्हती, जागच्या जागी हिशेबाने घडवायची होती. हिशेब यंत्रांना पेलला नाही, आणि डायनासोर प्यायल्यासारखे झोकांड्या खाऊ लागले. खेळ सपशेल पडला.

तोड काढली ती कोपनहेगनला. २००० सालच्या ‘हिटमॅन’ या खेळासाठी थॉमस याकोब्सन यांनी शरीर म्हणजे काही कण आणि त्यांना जोडणाऱ्या काड्या, एवढेच मानले. कण आता कुठे आहे आणि क्षणापूर्वी कुठे होता, इतकेच लक्षात ठेवायचे. वेग वेगळा मांडायचाच नाही. काडी ताणली गेली, की दोन्ही टोके थोडी थोडी आत ओढायची, असे दोन-चारदा. उत्तर तंतोतंत येत नाही, पण डोळ्याला पटते. पायऱ्यांवरून घसरणारा देह दर वेळी निराळा घसरतो. या तऱ्हेला चिंध्यांच्या बाहुलीचेच नाव पडले, आणि ते चपखल आहे. कारण ही बाहुली फक्त पडू शकत होती, उभी राहू शकत नव्हती!

उभे राहणे हे पुढच्यांचे काम. २०१८ साली बर्कलीच्या संशोधकांनी माणसाच्या कोलांटउड्यांचा नमुना समोर ठेवून संगणकातल्या देहाकडून लाखो वेळा सराव करून घेतला, तेव्हा धक्का बसला तरी तोल सावरणारी बाहुली तयार झाली. इकडे इयन चेंग या चित्रकाराने २०१५ ते २०१७ या काळात ‘एमिसरीज’ ही तीन चित्रांची माला खेळांच्याच यंत्रणेवर उभारली. तीत पात्रे आहेत, थोडीफार कथा आहे, पण शेवट नाही आणि कोणताही प्रसंग पुन्हा तसाच घडत नाही. न्यूयॉर्कला ती दाखवली गेली तेव्हा पडद्यावर पुढे काय होणार, हे खुद्द चेंगनाही सांगता आले नसते.