मोजणाऱ्याची विद्या

नरखेड तालुक्यात संत्र्याचा बहार चांगला साधला की गावोगाव घरांची कामे निघतात. कुणी जुन्या मातीच्या भिंतीच्या जागी विटांची भिंत घालतो, कुणी कौले उतरवून स्लॅब टाकतो. घरमालकाचा मिस्त्रीला पहिला प्रश्न असतो, ‘रेती किती ब्रास लागंल?’ मिस्त्री पावलांनी जागा मोजतो, बोटांवर काही गणित करतो आणि आकडा सांगतो. हा आकडा बहुतेक वेळा बरोबर निघतो. चुकला तर भिंत छातीएवढी होऊन थांबते आणि घरमालकाला पुन्हा उधारीसाठी फिरावे लागते.

मिस्त्री बोटांवर करतो त्या गणिताचे एक मोठे शास्त्र आहे. त्याला ‘क्वांटिटी सर्व्हेइंग’ म्हणतात. नकाशा वाचून किती माती खणावी लागेल, किती विटा, सिमेंट, लोखंड आणि मजुरी लागेल हे आधी काढायचे, त्याला दर लावायचा, काम सुरू झाल्यावर झालेले काम प्रत्यक्ष मोजायचे आणि त्या मोजमापावरून बिल तयार करायचे, असा हा व्यवसाय आहे. आपल्या मुलांना इंजिनिअर माहीत असतो, कंत्राटदारही माहीत असतो. या दोघांच्या मध्ये टेप घेऊन उभा असलेला माणूस सहसा माहीत नसतो. त्याचा इतिहास मात्र जुना आहे.

अकबराच्या दरबारातील अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन-ए-अकबरी’ लिहिली. तिच्यात लढाया आणि महसुलाबरोबर इमारतींचा हिशेबही आहे. बांधकामाच्या साहित्याचे दर आहेत, कारागिरांची आणि मजुरांची मजुरी आहे, घर बांधण्याचा अंदाज कसा काढावा हे आहे. लाकूड कापताना भुशात किती जाते याचेही नियम आहेत. ७२ प्रकारच्या लाकडांची वजने दिली आहेत. बादशहाच्या खजिन्यातून निघालेला पैसा इमारतीत किती गेला आणि वाटेत किती मुरला, हे ज्याला पाहायचे आहे त्याला भुसासुद्धा मोजावा लागतो.

आपल्या बांधकामाच्या भाषेतही हा इतिहास जपलेला आहे. अंदाज, इमारत, मजूर, नकाशा, गिलावा हे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने आले. कंत्राट आणि मिस्त्री पोर्तुगीजांकडून आले. बिल, टेंडर इंग्रजांनी दिले. गवंडी आणि ओळंबा आपले होतेच. घर एका माणसाचे असले तरी ते बांधणारी भाषा अनेकांनी मिळून घडवली आहे.

या विद्येला खात्याचे रूप आले ते १८५४ मध्ये. लॉर्ड डलहौसीच्या काळात सार्वजनिक बांधकामे लष्करी मंडळाकडून काढून स्वतंत्र खात्याकडे दिली गेली. रस्ते, कालवे, पूल, कचेऱ्या यांची कामे वाढली आणि ती मोजणाऱ्या माणसांची गरज भासू लागली. त्याच वर्षी पुण्यात सरकारी कामांवरील दुय्यम अधिकारी तयार करण्यासाठी इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला. त्याचेच पुढे पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज झाले. विश्वेश्वरय्या याच पुण्याच्या कॉलेजातून शिकून मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात आले. नागपुरात १९६० मध्ये सुरू झालेल्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाला पुढे त्यांचेच नाव मिळाले. विलायतेतही साधारण याच शतकात हा व्यवसाय संघटित झाला. लंडनमध्ये १८६८ मध्ये सर्व्हेअर मंडळींची संस्था स्थापन झाली आणि १८८१ मध्ये तिला राजसनद मिळाली.

बांधकाम खात्याने एक विलक्षण वही रूढ केली. तिचे नाव मोजमाप पुस्तिका, खात्याच्या बोलीत ‘एम. बी.’. तिच्या पानांना क्रमांक असतात, पान फाडता येत नाही, खाडाखोड चालत नाही. चुकलेला आकडा वाचता येईल असा एका रेघेने कापायचा, नवा आकडा लिहायचा आणि सही करायची. मोजमाप जागेवर घ्यायचे आणि तिथेच लिहायचे. कवितेच्या वहीत खोडलेली ओळ काळी केली तरी कुणाचे बिघडत नाही. या वहीत मात्र खोडलेलेसुद्धा वाचता आले पाहिजे, कारण तिच्यावर कुणाची तरी मजुरी अवलंबून असते.

पण वही चांगली असली तरी ती कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न उरतोच. महात्मा जोतीराव फुले यांना तो फार आधी दिसला होता. त्यांनी सरकारी बांधकामांची कंत्राटे घेतली होती, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला साहित्य पुरवले होते. त्यामुळे खात्यातला कारभार त्यांना आतून माहीत होता आणि त्याच्यावर त्यांनी कडक टीका केली. ज्याला अक्षर येत नाही त्याचे काम कसे मोजले जाते आणि कसे लिहिले जाते, हे त्यांनी पाहिले होते. शिक्षणाचा त्यांचा आग्रह ज्या अनुभवांतून आला, त्यात हाही एक होता असे मला वाटते.

आपल्या भागातून नागपूर-इटारसी रेल्वे गेली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत. नरखेड त्या मार्गावरचे स्टेशन झाले. अशा मार्गावर रूळ पडण्याआधी मातीचे काम असते. भराव टाकायचे, टेकाड फोडायचे. ही कामे हजार घनफुटांच्या दराने चालत. खणताना मध्ये मातीचे उंचवटे तसेच ठेवत. जुनी जमीन कुठवर होती याची ती साक्ष असे. त्या उंचवट्याच्या उंचीवरून खोली मोजत आणि मग तो पाडत. खणणाऱ्यांपैकी कितीजणांना घनफूट म्हणजे काय ते कळत असेल? त्यांना सांगितला जाई तो आकडा खरा मानण्यावाचून त्यांच्यापुढे मार्ग नसे.

पुढे १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजनेची कामे निघाली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. या योजनेतली मजुरी कामाच्या मोजमापावर ठरत असे. नाला-बांध, पाझर तलाव, रस्ते यांवर आठवडाभर राबलेल्या बाईच्या हातात किती पैसे पडणार, हे टेप धरणाऱ्यावर अवलंबून होते. खड्डा वीतभर कमी लिहिला तर तेवढी चूल कमी पेटते. क्वांटिटी सर्व्हेइंगचे पाठ्यपुस्तक ही गोष्ट सांगत नाही, पण त्या विषयाचा जीव इथे आहे.

दरम्यान देशाने दशमान पद्धत स्वीकारली. कायदा १९५६ चा, सुरुवात १९५८ पासून. त्याच सुमारास बांधकामाच्या मोजमापाचे भारतीय मानकही आले, आय. एस. १२००. मोजायचे कसे यावर भांडण होऊ नये, म्हणून त्यात नियम बांधून दिले आहेत. एक उदाहरण घेऊ. दहा फूट लांब, दहा फूट उंच आणि नऊ इंच जाडीची भिंत ७५ घनफूट भरते. घनमीटरला पाचशे विटा धरल्या तर सुमारे १०६० विटा लागतात. आता तिच्यात तीन फूट रुंद, सात फूट उंच दार आहे. ते वजा केले की विटा सुमारे ८४० राहतात. दार विसरले तर सव्वादोनशे विटांचा फरक पडतो.

गिलाव्याचा नियम याहून मजेदार आहे. अर्ध्या चौरस मीटरपेक्षा लहान खिडकी असेल तर ती वजाच करायची नाही. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंतचे दार किंवा खिडकी भिंतीच्या एकाच बाजूने वजा करायची, कारण चौकटीभोवतीच्या कडांना गवंड्याने गिलावा केलेला असतो आणि त्याचे त्याला वेगळे पैसे मिळत नाहीत. दारापाशी वाकून कडा घासणाऱ्या गवंड्याचे कष्ट कुणीतरी लक्षात घेतले आणि नियमात बसवले. फूट गेले, मीटर आले, तरी आपल्याकडे रेती अजून ब्रासनेच येते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. म्हणून इथे काम करणाऱ्याला दोन्ही भाषा यायला हव्यात.

मोजण्याचे मोल आपल्या तालुक्याला सर्वांत कठोरपणे कळले ते मोवाडमध्ये. १८६७ पासून नगरपालिका असलेले हे वर्धा नदीकाठचे जुने गाव. ३० जुलै १९९१ च्या महापुराने ते उद्ध्वस्त केले. २०४ माणसे गेली. त्या दुःखाला माप नाही. पण पाणी ओसरल्यावर जे जगले त्यांच्यासाठी सगळे काही मोजावेच लागते. कुणाचे घर पूर्ण पडले, कुणाचे अर्धे. नवी जागा नदीपासून किती उंचीवर. घराला किती चौरस फूट. पंचनाम्यातला एक आकडा एका कुटुंबाची पुढची वीस वर्षे ठरवतो. आणि मोजणाऱ्याला घर म्हणजे काय हे माहीत नसेल तर त्याचे माप बरोबर असूनही अपुरे पडते. विणकराच्या घरात मागाला जागा लागते, शेतकऱ्याच्या घरात बैलाला आणि धान्याला. हे कागदावर येण्यासाठी टेप धरणारा माणूस गावातल्या जगण्याशी परिचित हवा.

म्हणूनच या तालुक्यातल्या मुलामुलींनी या विद्येकडे पाहावे असे वाटते. दहावीनंतर तीन वर्षांची स्थापत्य पदविका आहे. तिच्यात अंदाजपत्रक हा विषय असतो आणि पुष्कळ मुले तो पास होण्यापुरता करतात. आपल्याकडच्या कंपन्या या कामाच्या माणसाला बहुधा ‘बिलिंग इंजिनिअर’ म्हणतात. आखाती देशांत इंग्रजी पद्धतीमुळे ‘क्वांटिटी सर्व्हेअर’ हे स्वतंत्र पद आहे आणि त्याला मान आहे. पुण्याची ‘निकमार’ ही १९८३ मध्ये स्थापन झालेली संस्था बांधकाम व्यवस्थापनाचे शिक्षण देते. दिल्लीच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सर्व्हेअर्सच्या परीक्षाही आहेत. संगणक आता नकाशावरून परिमाणे झटक्यात काढतो. पण नकाशात नसलेला खडक पायात लागला की संगणक थांबतो आणि माणसाला खड्ड्यात उतरावे लागते.

या अभ्यासाला अलौकिक बुद्धी लागत नाही. भूमिती पक्की हवी, नकाशा वाचता यावा, दरसूची समजावी आणि पायांना साइटवर फिरायची सवय असावी. मिस्त्रीच्या मुलाला यातले अर्धे घरीच मिळालेले असते. ज्यांच्या आजोबांनी दुसऱ्याने सांगितलेला आकडा मान खाली घालून ऐकला, त्यांची नातवंडे आता तो आकडा स्वतः काढू शकतात. त्यांनी तो खरा काढावा आणि खड्ड्याच्या काठावर उभ्या असलेल्या बाईला तो वाचून दाखवावा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)