गोडे पाणी आणि शिडाचा प्रवास

किनाऱ्याचा इतिहास म्हटला की आपल्याकडे किल्ले येतात, आरमार येते, लढाया आणि तह येतात. कोणत्या बंदरातून किती माल गेला, जकात किती भरली, हेही कागदांत सापडते. पण नारळी पौर्णिमेनंतर ज्यांनी तारू पाण्यात लोटले आणि मे महिना संपेपर्यंत त्याच तारवावर दिवस काढले, ती माणसे झोपत कुठे, शिजवत कशावर, आणि पीत काय, हे कोणी फारसे विचारत नाही. या टिपणात मी शेवटचा प्रश्न घेतला आहे. पाणी.

माझी नोकरी पाणीपुरवठ्याच्या योजनांवर गेली. इतिहास मी शाळा-कॉलेजात शिकलो नाही, हौसेने वाचत गेलो. त्यामुळे एक सवय मात्र जुनीच राहिली. वस्ती दिसली की पहिला प्रश्न डोक्यात येतो, इथे पाणी कुठून येते? शिडाचे जहाज हीसुद्धा एक वस्तीच आहे, फक्त रोज जागा बदलणारी. चहूकडे पाणी आणि पिण्यासारखे एक थेंब नाही, अशी वस्ती. माझे म्हणणे थोडक्यात असे, की आपल्या किनाऱ्यावर जहाजे कुठे थांबत आणि का थांबत हे समजून घ्यायचे असेल तर आधी झरे आणि विहिरी बघाव्यात, तोफा नंतर.

आधी तारू कसे होते ते पाहू. जॉन एडी या इंग्रज जहाजबांधणीच्या जाणकाराने 1834 मध्ये हिंदुस्थान आणि श्रीलंकेच्या देशी जहाजांची मापे छापली. त्यात मोठ्या पत्तेमारीची लांबी सुमारे 76 फूट, रुंदी 25 फूट आणि भार जवळपास 200 टन दिला आहे. आकडा वाचून जागा भरपूर वाटते. पण पोटात सगळा माल. माणसांच्या वाट्याला येई मालाने सोडलेली जागा, म्हणजे मागच्या बाजूचा थोडा भाग आणि वरचे उघडे आभाळ. चूल म्हणजे माती भरलेली लाकडी पेटी. पाणी पिंपांत आणि मडक्यांत.

आता थोडे गणित. हे कागदांतून आलेले नाही, माझे आहे, तेव्हा त्याला अंदाज समजूनच वाचा. बारा माणसे धरा. आज शहरी पाणीयोजनेत आपण माणशी दिवसाला 135 लिटर धरतो. तारवावर आंघोळ, धुणे, भांडी सगळे खाऱ्या पाण्यात. पिण्याला आणि भाताला माणशी पाच लिटर धरले तर दिवसाला साठ लिटर, दहा दिवसांना सहाशे. म्हणजे दोनशे लिटरची तीन पिंपे. मोठ्या पत्तेमारीला हे जड नाही. पण पाच-सहा माणसांच्या उघड्या मचव्याला पिंप ठेवायला जागा कुठली? त्याच्याकडे मडकी. दोन-तीन दिवसांत मडके रिकामे, की किनारा गाठायलाच हवा.

किनारा तरी किती वेळा गाठायचा? मुंबई ते पणजी समुद्रमार्गे सुमारे 240 सागरी मैल. मोसमात दुपारनंतर वायव्येकडून वारा येतो, तो दक्षिणेला जाणाऱ्याला पाठीशी मिळतो. ताशी तीन मैल वेगाने दिवसाचे बारा तास चालले तर छत्तीस मैल, म्हणजे सहा-सात मुक्काम. उत्तरेला जाताना मात्र तोच वारा तोंडावर. तेव्हा रात्री उशिरा जमिनीवरून सुटणारा मतलई वारा धरायचा, सकाळपर्यंत जेवढे कापता येईल तेवढे कापायचे, आणि खारा वारा सुरू झाला की एखाद्या आडोशाला नांगर टाकून बसायचे. मुक्काम सहज दुप्पट होतात. बघा, एकाच किनाऱ्यावर जाताना आणि येताना पाण्याचा हिशोब वेगळा.

आडोसा आणि पाणी बहुधा एकाच ठिकाणी मिळे, याला कारण आपला जांभा दगड. किनाऱ्याला भिडलेले सडे पावसाळ्यात पाणी पितात आणि पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने ते सोडतात. समुद्रात घुसलेला डोंगर वायव्येचा वारा अडवतो, त्याच्या दक्षिणेला पाणी शांत असते, आणि पायथ्याला झरा. मांडवीच्या मुखावरचा आग्वादचा डोंगर हे याचे नेटके उदाहरण. तिथल्या किल्ल्याचे बांधकाम 1612 मध्ये पुरे झाले. पण नावाकडे पाहा. पोर्तुगीज भाषेत ‘आग्वा’ म्हणजे पाणी आणि ‘आग्वाद’ म्हणजे पाणी भरण्याची जागा. किल्ल्याला नाव ना संताचे मिळाले, ना राजाचे.

वरच्या भागातल्या टाक्याची क्षमता जवळपास 24 लाख गॅलन सांगतात. लिटरमध्ये एक कोटीच्या वर. लिस्बनला परतणारी जहाजे साधारण डिसेंबर-जानेवारीत गोव्याहून निघत. म्हणजे सप्टेंबरअखेर पाऊस थांबल्यावर पुढे तीन-चार महिने साठा टिकायला हवा, शिवाय किल्ल्यातल्या शिबंदीला पुढचा पाऊस येईपर्यंत पुरायला हवा. एवढे मोठे टाके कशासाठी, याचे उत्तर त्या वेळापत्रकात आहे.

पाणी अडवले की काय होते, याचे उदाहरणही जवळच आहे. डचांनी 1636 पासून पुढे काही वर्षे मोसम आला की गोव्याची नाकेबंदी केली. मांडवीच्या तोंडाबाहेर महिनोन् महिने जहाजे उभी ठेवायची, त्यांवर शेकडो माणसे, आणि समोर दिसणारे आग्वादचे पाणी शत्रूच्या ताब्यात. डचांनी 1637 मध्ये आदिलशाहीच्या मुलखात वेंगुर्ल्याला वखार मिळवली ती याच सुमारास. गोव्यापासून वीस-बावीस सागरी मैल, म्हणजे एका दिवसाची फेरी. व्यापार होताच, पण नाकेबंदीच्या जहाजांना पाणी आणि शिधा पुरवणारे ठिकाण म्हणून वेंगुर्ल्याचे मोल फार होते. वखारीचे पडके अवशेष आजही वेंगुर्ल्यात उभे आहेत.

याच नजरेने दक्षिणेला कारवारजवळचे अंजदीव बघा. चौदाव्या शतकात इब्न बतूता सिंदाबूरजवळच्या एका छोट्या बेटावर उतरला. तिथे देऊळ, बाग आणि पाण्याचे टाके होते असे तो सांगतो. हे बेट म्हणजे अंजदीव, असे अनेक अभ्यासक मानतात. 1498 मध्ये परतीच्या वाटेवर वास्को द गामाने जहाजांची डागडुजी करायला आणि पाणी भरायला अंजदीवच निवडले. 1505 मध्ये आल्मेदाने तिथे किल्ला बांधला आणि पुढच्याच वर्षी तो सोडून द्यावा लागला. किल्ला वर्षभर टिकला, पाण्याची जागा मात्र त्याआधीही शतकभराहून जुनी होती.

सिंधुदुर्गाचे बांधकाम शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये सुरू केले. भर समुद्रातल्या त्या खडकावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी आहेत. पर्यटक त्याला चमत्कार म्हणतात. मला ती जागेची निवड वाटते. पाणी नसते तर तटबंदी कितीही मोठी असून वेढ्यात काही आठवड्यांपलीकडे उपयोग नव्हता.

मराठा आरमाराच्या गलबतांनाही हेच बंधन. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने गलबताचा भार सहसा सत्तर टनांच्या आत आणि वल्ही चाळीस-पन्नास अशी नोंद केली आहे. ऐंशी माणसे आणि वल्हवणाऱ्याला उन्हात माणशी सहा लिटर धरले तर दिवसाला जवळपास पाचशे लिटर. चार दिवसांचे दोन टन. तोफा, वल्ही आणि माणसे यांच्यात एवढे पाणी ठेवायचे कुठे? खाडीच्या तोंडाशी दबा धरायचा, झडप घालायची आणि पुन्हा खाडीत शिरायचे, या पद्धतीला आपण युद्धनीती म्हणतो, आणि ती होतीच. पण तिच्या मुळाशी मला रिकामे होणारे पिंपही दिसते.

हंगामाचा शेवट सगळ्यात कठीण. पावसानंतर नद्या तोंडापर्यंत गोड्या असतात. उन्हाळ्यात मांडवीसारख्या नदीत खारे पाणी कित्येक किलोमीटर आत चढते, किनाऱ्याच्या विहिरी उतरतात, काहींना मचूळ चव येते. एप्रिल-मेच्या शेवटच्या फेऱ्यांना कोणती विहीर अजून गोडी आहे, हे ज्या तांडेलाला ठाऊक तोच खरा जाणता. हे ज्ञान नकाशावर नव्हते, माणसांच्या डोक्यात होते. शिडाची जहाजे गेली, मागोमाग ती माणसेही जात आहेत. आजच्या नौकांवर खारे पाणी गोडे करणारे यंत्र बसते, त्यामुळे हा प्रश्न विचारायचेही कारण उरलेले नाही.

म्हणून मंडळातल्या वाचकांना एक विनंती. तुमच्या गावच्या खाडीच्या तोंडाशी, जुन्या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर एखादी विहीर किंवा झरा असेल. तिची जागा, खोली, मे महिन्यातली चव, आणि धक्क्यावरून तिच्याकडे येणारी वाट, एवढ्या चार गोष्टी लिहून काढा. गावातल्या ऐंशीच्या घरातल्या कोणाला तरी विचारा की तारवाची माणसे इथे पाणी भरत का. बांधकामांच्या भरावाखाली अशा विहिरी रोज जात आहेत. किल्ल्यांची यादी आपल्याकडे तयार आहे. या विहिरींची अजून कोणी केलेली नाही.