‘झोंबिवली’ : शब्द आणि भय

‘झोंबी’ हा शब्द मराठीत दोन वाटांनी आला. पहिला घरचा : ‘झोंबणे’ या क्रियापदापासून सिद्ध झालेला, झटापट या अर्थाचा. आनंद यादव यांच्या १९८७ च्या आत्मचरित्रात्मक कादंबरीचे नाव हेच आहे. दुसरा परका : हैतीतील गुलामांच्या लोकसमजुतीत मालकाच्या इच्छेने राबणारे प्रेत. १९६८ मध्ये जॉर्ज रोमेरो यांच्या चित्रपटाने त्याचा मांसभक्षक जमाव केला. १९९६ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ या जपानी व्हिडिओ-खेळाने त्यामागे औषधकंपनीचा विषाणू उभा केला.

आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘झोंबिवली’ (२०२२) या चित्रपटात हे परके प्रेत डोंबिवलीत अवतरले. ‘-वली’ हे ग्रामनामाचे अंत्यपद कायम राहिले. पूर्वपद तेवढे बदलले. मराठी कानाला ‘झोंबी’ आधीच ओळखीचा असल्याने नाव सहज रुळले.

मुंजाचे स्थान पिंपळ, वेताळाचे गावाची वेस. येथील रोगाचे मूळ मात्र पाण्यात आहे. ही कल्पना निराधार नव्हे. डोंबिवलीत २०१४ साली हिरवा पाऊस पडल्याच्या बातम्या आल्या; २०२० साली औद्योगिक वसाहतीतील रस्ता गुलाबी झाला. म्हणून या कृतीस निव्वळ अनुकरण म्हणणे अपुरे ठरते. प्रेत परदेशचे असले, तरी भय येथल्या मातीतलेच होय.