अकरा षटकार आणि जिमखान्याचं दार

१९२६ हे साल चेंडू मैदानाबाहेर भिरकावणाऱ्यांचं होतं. ६ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात बेब रूथने वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे बेसबॉलच्या अजिंक्यपद मालिकेच्या, एकाच सामन्यात तीन होम रन मारले. होम रन म्हणजे ढोबळमानाने आपला षटकार. पुढे त्याने स्वतःच १९२८ मध्ये ती कामगिरी पुन्हा केली. मग जॅक्सन (१९७७), पुजोल्स (२०११) आणि सँडोव्हाल (२०१२) बरोबरीला आले, पण पुढे कुणी गेलं नाही.

त्याच वर्षी १ डिसेंबरला बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर नागपूरला जन्मलेल्या सी. के. नायडूंनी एमसीसीच्या गोलंदाजांना दोन तासांच्या आत १५३ धावा चोपल्या. त्यात षटकार ११! सामना दौऱ्यातला होता, त्यामुळे अजिंक्यपदाच्या यादीत तो बसत नाही. पण हिंदुस्थानी खेळाडू इंग्रजांच्या तोडीचा आहे, हे त्या दिवशी मुंबईने डोळ्यांनी पाहिलं. १९३२ मध्ये आपण पहिली कसोटी खेळलो.

वालीवच्या माझ्या वर्गात ऋतुराज गायकवाडचे विजय हजारे करंडकातले एका षटकातले सात षटकार पोरांना तोंडपाठ आहेत. (सात कसे, तर एक चेंडू नो-बॉल होता.) नायडूंचं नाव मात्र कुणी ऐकलेलं नव्हतं. मी सांगू लागलो तेव्हा एकाने विचारलं, "सर, त्यांच्या संघाचं नाव 'हिंदू' का?" सवाल रास्त होता.

तेव्हा मुंबईत संघ धर्मावर बनत. युरोपियन, पारशी, हिंदू, आणि १९१२ पासून मुस्लिम. १९३७ मध्ये 'इतर' हा पाचवा संघ आला. १९४० मध्ये गांधीजींनी या स्पर्धेला जाहीर विरोध केला, १९४६ मध्ये ती कायमची बंद झाली. बरंच झालं, असं माझं मत. पण त्या संघांच्या नावांवरून माणसं ओळखायची नसतात. इंदूरच्या सय्यद मुश्ताक अलींना पोरवयात हेरून घडवणारे हेच 'हिंदू' संघाचे नायडू. त्या शागिर्दाने १९३६ मध्ये मँचेस्टरला ११२ धावा काढल्या, परदेशातलं भारतीयाचं पहिलं कसोटी शतक.

रूथच्या विक्रमाचीही एक बाजू पोरांना सांगावी लागते. त्या काळी अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये काळ्या खेळाडूंना प्रवेश नव्हता. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन आला तेव्हा ते दार उघडलं. काळ्यांच्या वेगळ्या लीगमधले आकडे अधिकृत नोंदीत मिसळायला २०२४ उजाडलं, आणि तेव्हा फलंदाजीच्या सरासरीत जोश गिब्सन अव्वल निघाला.

आपल्याकडे डिसेंबर १९३३ मध्ये भारतातली पहिली कसोटी त्याच बॉम्बे जिमखान्यावर झाली. कर्णधार नायडू होते. जिमखान्याचं सदस्यत्व तेव्हाही हिंदी माणसाला मिळत नव्हतं.