नभोवाणी, पेटी आणि मुंबईची मैफल

मराठीत हिंदुस्थानी संगीताचा इतिहास आजवर मुख्यतः दोन अंगांनी लिहिला गेला. एक अंग घराण्यांचे: गुरू, शिष्य, त्यांची गायकी आणि तीतील भेदाभेद. दुसरे अंग आठवणींचे: अमुक रात्री अमुक बुवांनी मालकंस कसा मांडला आणि पहाटेपर्यंत श्रोते जागचे कसे हलले नाहीत. या दोन्ही प्रकारांनी आपल्या वाङ्मयात मोलाची भर घातली आहे. परंतु त्यांत एक पात्र सहसा पडद्याआडच राहते, आणि ते म्हणजे नभोवाणीचे केंद्र. कलावंताच्या चरित्रात ‘पुढे त्यांना रेडिओवर कार्यक्रम मिळू लागले’ एवढ्या एका वाक्यात त्याची बोळवण होते. वस्तुतः विसाव्या शतकात गाणे कोणी गावे, कोणत्या साथीने गावे, किती वेळ गावे आणि जे गायले त्याला काय म्हणावे, या चारही प्रश्नांवर एका कचेरीने निर्णय दिले. मुंबईसारख्या शहराने त्यांतले काही मानले, काही वाकवले, तर काही निमूटपणे बाजूला ठेवले. या देवघेवीचा मागोवा घेण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

मुंबई केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. केंद्र इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीचे होते. प्रक्षेपकाची शक्ती दीड किलोवॅट, आणि त्याचा भरवशाचा पल्ला सुमारे तीस मैलांचा. परवान्यासाठी वर्षाला दहा रुपये भरावे लागत आणि यंत्राची किंमत वेगळी. म्हणजे हे केंद्र आरंभी खऱ्या अर्थाने एका शहराचे, आणि त्या शहरातल्याही मूठभर सुस्थित घरांचे होते. ज्या शहरात ते उघडले तेथे गाण्याला तोटा नव्हता. उस्ताद अल्लादिया खाँ मुंबईत स्थायिक झालेले होते आणि केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यांतून त्यांची गायकी शहराच्या कानांवर पडणार होती. भेंडीबाजार घराण्याने तर आपले नावच या शहरातल्या एका वस्तीवरून घेतले होते. पंडित भातखंड्यांचे संकलनाचे आणि ग्रंथलेखनाचे प्रचंड काम मुंबईतच चालले होते, आणि बा. र. देवधरांची संगीतशाळा १९२५पासून गिरगावच्या परिसरात उभी होती. मुंबईला दरबार नव्हता. येथे गाण्याला आश्रय होता तो व्यापाऱ्यांच्या दिवाणखान्यांचा, नाटक मंडळ्यांचा, गणेशोत्सवाचा आणि तिकीट काढून येणाऱ्या श्रोत्यांचा. या आश्रयदात्यांच्या पंक्तीत आता एक नवा, न दिसणारा यजमान येऊन बसला.

तो यजमान प्रथम दिवाळखोर निघाला. १९३०च्या मार्चमध्ये कंपनी बुडाली, एप्रिलपासून सरकारने केंद्रे चालवायला घेतली. १९३५मध्ये बीबीसीतून लायोनेल फील्डन आले आणि ८ जून १९३६ रोजी या संस्थेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. मुंबई केंद्रावर तेव्हा दोन अभिजात संगीते शेजारी शेजारी नांदत होती. प्रागहून नाझी छळाच्या सावटातून निसटून १९३४मध्ये मुंबईत आलेले वॉल्टर काउफमान हे १९३७ ते १९४६ या काळात केंद्राच्या युरोपीय संगीत विभागाचे प्रमुख होते. शहरात त्यांनी चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. मेहली मेहता त्यांच्यासोबत व्हायोलिन वाजवीत. तंबोऱ्याच्या षड्जावर तंतुवाद्याचे सूर उमटवणारी आकाशवाणीची जी संकेतधून पिढ्यान् पिढ्या सकाळी ऐकू येत राहिली, तिच्या रचनेचे श्रेय काउफमान यांना दिले जाते. पुढे याच गृहस्थांनी उत्तर हिंदुस्थानी रागांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला, तो १९६८मध्ये प्रसिद्ध झाला. एका निर्वासिताला आपले संगीत आणि यजमानांचे संगीत एकाच छपराखाली ऐकण्याची मुभा या केंद्राने दिली, ही गोष्ट लहान नव्हे.

पण याच संस्थेने १ मार्च १९४० पासून आपल्या दारातून हार्मोनियमला बाहेर काढले. आक्षेप सर्वपरिचित होते: पेटीच्या बारा पट्ट्या समविभागलेल्या, तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती लागत नाहीत, शिवाय वाद्य परके. फील्डन यांना ती आवडत नव्हती, तशीच ती रवींद्रनाथांनाही नकोशी होती. आक्षेपांत तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु हा निर्णय महाराष्ट्राच्या कानावर कसा आदळला असेल, याचा विचार करून पाहावा. मराठी रंगभूमीचे संगीत ऑर्गन आणि पेटी यांच्या आधाराने वाढले. १९११च्या ‘मानापमान’च्या चाली ज्यांनी दिल्या ते गोविंदराव टेंबे स्वतः पेटीचे नामांकित वादक. घरोघर मुलींना गाणे शिकवले जाई ते पेटीवर, आणि ख्यालाच्या बैठकीतही ती केव्हाच रुळली होती. मराठी श्रोत्याची स्वरांची ओळखच बहुधा या परक्या वाद्याने करून दिलेली होती.

शहराने यावर मोर्चे काढले नाहीत. त्याने केवळ आपले दोन कान वेगळे ठेवले. स्टुडिओत सारंगी वा व्हायोलिन, बैठकीत पेटी. तोच गायक सकाळी एका साथीने गाई आणि रात्री दुसऱ्या. या द्वैताचा सारंगीला फायदा झाला हेही मान्य केले पाहिजे. कोठ्यांशी जोडले गेल्यामुळे उपेक्षित झालेल्या या वाद्याला नभोवाणीने पगारी जागा दिल्या. पण जागा साथीदाराची होती. पंडित राम नारायण लाहोर आणि नंतर दिल्लीच्या केंद्रावर नोकरीत होते. ती सोडून १९४९मध्ये ते मुंबईस आले, चित्रपटसृष्टीत पोटापाण्याची सोय केली आणि १९५०च्या दशकात स्वतंत्र सारंगीवादनाची वाट धरली. केंद्राने सारंगी जगवली, पण तिला मैफलीचे मुख्य आसन मिळवून देणाऱ्या कलावंताला केंद्राबाहेर पडावे लागले. पेटीवरची बंदी १९७१पर्यंत टिकली आणि मग टप्प्याटप्प्याने सैल झाली. मधल्या काळात पु. ल. देशपांड्यांसारखा पेटीचा रसिया वादक याच संस्थेच्या नोकरीत होता, हा योगायोग त्यांच्या वाचकांनी जरूर ध्यानात घ्यावा. तीन दशके लोटली तरी मुंबईच्या आणि पुण्याच्या बैठकीतून पेटी गेली नाही. आज ती शास्त्रीय गायनाच्या साथीचे जवळजवळ सर्वमान्य वाद्य आहे.

कोणती साथ चालेल हा एक प्रश्न झाला. कोण गाईल हा त्याहून नाजूक. १९४६च्या अंतरिम सरकारात नभोवाणी खाते वल्लभभाई पटेलांकडे असताना, ज्यांचे खासगी जीवन लोकापवादाचा विषय आहे अशा कलावंतांना केंद्रांची दारे बंद करण्यात आली. शब्द नीतीचे होते, रोख मुख्यतः गाणाऱ्या बायकांवर होता. मुंबईचे ख्यालगायन ज्यांनी घडवले त्यांत गोव्याच्या कलावंत समाजातून आलेल्या स्त्रियांचा वाटा केवढा आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या नियमातला दंश वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. त्यानंतर १९५२मध्ये पुण्यात जन्मलेले बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि दहा वर्षे त्या पदावर राहिले. श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांच्या नेतृत्वाखाली स्वरचाचणीची पद्धत आली: गायक पडद्याआड, परीक्षक अलीकडे, आणि शेवटी हाती एक श्रेणी. नामवंतांनाही परीक्षेस बसावे लागणार म्हणून कलावंतांत संताप उसळला, आणि तो समजण्यासारखा होता. ज्याने तीस वर्षे गुरूच्या घरी पाणी भरले, त्याने रागाचे आरोहावरोह परीक्षकापुढे म्हणून दाखवावेत हे कोणाला रुचेल? तथापि पडद्याची दुसरी बाजूही आहे. घराण्याचे नाव नसलेल्या, शेठजींच्या दिवाणखान्यात प्रवेश नसलेल्या मध्यमवर्गीय मुलामुलींना याच पडद्याने प्रथमच दार उघडून दिले. गाण्याची योग्यता वंशावळीवरून न ठरता कानावरून ठरावी, हे तत्त्व निदान कागदावर तरी मान्य झाले. ते किती पाळले गेले हा प्रश्न निराळा. परंतु कोणत्याही उस्तादाच्या घरी ते याआधी मान्य नव्हते.

केसकरांनी २० जुलै १९५२पासून शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार केले. मुंबईने याला दिलेले उत्तर प्रसिद्धच आहे. मुंबईत ध्वनिमुद्रित झालेली गाणी आणि मुंबईत तयार झालेले कार्यक्रम कोलंबोस जाऊ लागले आणि रेडिओ सिलोनच्या लघुलहरींवरून पुन्हा याच शहराच्या चाळींत उतरू लागले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारतीचा जन्म झाला. अभिरुची वरून लादता येत नाही हा यातला धडा पुष्कळांनी सांगितला आहे. आम्हांस दुसरी बाजू सांगावीशी वाटते: त्या हट्टापायीच शनिवारी रात्रीचा तो दीड तास देशभर पोहोचला, आणि ज्या गावात कधी खाँसाहेब येणे शक्य नव्हते तेथे ते येऊन गेले.

काळाच्या बाबतीत नभोवाणीने केलेले काम तर उलटसुलट आहे. तिने ख्याल पंधरा मिनिटांत, अर्ध्या तासात बसवायला लावला. घड्याळ पाहून तान संपवण्याची सवय लावली. पण त्याच कचेरीच्या वेळापत्रकात सकाळ, दुपार आणि रात्र असे तीन पहर जागे राहिले. शहराच्या सभागृहांतली गाणी नोकरदारांच्या सोयीने संध्याकाळवर येऊन ठेपली. सन २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर खुल्या मांडवातली रात्रभराची मैफलही दहाच्या ठोक्याला मिटू लागली. सारंगाचे प्रकार, भीमपलास, मुलतानी हे दुपारचे राग अशा वेळी आपापल्या प्रहरी नियमाने ऐकू येत राहिले ते बव्हंशी नभोवाणीवरच. परंपरा मोडणारी म्हणून जिच्याकडे बोट दाखवले जाते, तिनेच परंपरेचा एक नियम शहरापेक्षा अधिक निष्ठेने पाळला.

शेवटी नावाचा प्रश्न. अनवट रागाचे नाव विचारले तर ते न सांगण्याची रीत बुजुर्गांत होती. श्रोत्याने ओळखावे, नाही तर नुसते ऐकावे. निवेदकाला ही चैन परवडत नाही. गायकाचे नाव, राग, ताल, साथीदार हे सारे आधी नोंदवावे लागते आणि मग उच्चारावे लागते. या रोजच्या उच्चारणाने एक साक्षर श्रोतृवर्ग तयार झाला. देवधरांचे ‘संगीत कला विहार’ १९४७मध्ये निघाले, वामनराव देशपांड्यांचे ‘घरंदाज गायकी’ १९६१मध्ये आले. या लेखनाला जो वाचक मिळाला, त्याची परिभाषा घडवण्यात निवेदकांचा वाटा मोठा आहे असे आमचे मत आहे. गूढ गेले, समीक्षा आली. यात हानी किती आणि लाभ किती हे ज्याने त्याने ठरवावे.

२६ जानेवारी २०१६ रोजी आकाशवाणीने ‘रागम्’ ही चोवीस तास शास्त्रीय संगीताला वाहिलेली वाहिनी बेंगळुरूहून सुरू केली. तिला तीस मैलांची मर्यादा नाही, त्यामुळे तिला शहरही नाही. मुंबई केंद्राला शहर होते, आणि म्हणून त्याच्याशी भांडता येत होते. त्या भांडणाचा पुरावा अजून उपलब्ध आहे. १९२७मध्ये मुंबईतून निघालेले ‘इंडियन रेडिओ टाइम्स’ आणि १९३५च्या अखेरीस त्याचे झालेले ‘इंडियन लिसनर’ यांत दिवसांमागून दिवस कोण केव्हा काय गाणार होते याचे तक्ते छापले आहेत. आपल्या विद्यार्थ्यांनी घराण्यांच्या चरित्रांशेजारी हे रुक्ष तक्ते ठेवून वाचावेत. कोणती नावे वारंवार येतात, कोणती एकाएकी दिसेनाशी होतात आणि १९४०च्या मार्चनंतर साथीच्या रकान्यात काय बदलते, हे त्यांत शोधावे. आठवणींनी जे सांगितले नाही त्यातले बरेचसे तेथे सापडेल.