सिनेमाच्या अंधारातला पियानो

मूकपट हे नाव तसं फसवं आहे. पडद्यावरची माणसं बोलत नसत, पण थिएटरात शांतता नसे. आपल्याकडे पडद्यापाशी पेटी-तबलेवाले बसत, तिकडे युरोपात पियानोवाला. १९२४ साली लेनिनग्राडच्या एका थिएटरात अठरा वर्षांचा एक चश्मेवाला, किडकिडीत मुलगा असा बसू लागला. पडद्यावर पाठलाग सुरू झाला की लय वाढवायची, कुणी मेलं की उतरवायची, आणि खेळ संपला की पुढच्या खेळासाठी तेच सगळं पुन्हा. मुलाचं नाव दिमित्री शोस्ताकोविच.

त्याचा जन्म याच शहरातला, १९०६चा. तेव्हा शहराचं नाव सेंट पीटर्सबर्ग होतं. वडील इंजिनियर, आई सोफिया पियानो शिकलेली. नवव्या वर्षी आईनेच त्याला धडे द्यायला सुरुवात केली. १९१९मध्ये तो कॉन्झर्व्हेटरीत दाखल झाला, तेव्हा बाहेर यादवी युद्ध चालू होतं. अन्नाची टंचाई होती आणि वर्गात कडाक्याची थंडी. पियानो तो निकोलायेव्हकडे शिकत होता आणि रचना श्टाइनबर्गकडे. पुढे व्हायचं काय, वादक की रचनाकार, हे मात्र ठरत नव्हतं.

१९२२मध्ये वडील न्यूमोनियाने गेले आणि घराची घडीच विस्कटली. आईने नोकरी धरली. पुढच्या वर्षी दिमित्रीने पियानोचा अभ्यासक्रम पूर्ण केला, पण त्याच वर्षी त्याला क्षय झाला आणि उपचारासाठी क्रिमियाला जावं लागलं. थिएटरातली नोकरी आली ती या पार्श्वभूमीवर. घरात पैसे हवे होते, आणि त्याला पियानो येत होता.

‘हालअपेष्टांतूनच कलावंत घडतो’ असे फॉरवर्ड आपल्याला रोज येतात. शोस्ताकोविचची गोष्ट त्या साच्यात नीट बसत नाही. या कामाने तो थकून जायचा आणि स्वतःचं लिहायला वेळ उरत नसे. म्हणून १९२५च्या सुरुवातीला त्याने नोकरी सोडली आणि पदवीसाठीची पहिली सिंफनी पूर्ण केली. पण सिंफनी लिहून पोट भरत नाही. त्याच वर्षी तो पुन्हा दुसऱ्या थिएटरात वाजवायला लागला.

१२ मे १९२६ रोजी निकोलाय माल्को यांच्या संचालनाखाली ती सिंफनी लेनिनग्राडमध्ये पहिल्यांदा वाजली. रचनाकार एकोणीस वर्षांचा. दुसरा भाग श्रोत्यांच्या आग्रहाखातर पुन्हा वाजवावा लागला. ही तारीख तो पुढे जन्मभर साजरी करत असे. १९२७मध्ये ब्रुनो वॉल्टरने तीच सिंफनी बर्लिनमध्ये सादर केली.

तरीही पियानोवादक होण्याची आशा त्याने सोडली नव्हती. जानेवारी १९२७मध्ये वॉर्सात पहिली शोपँ स्पर्धा झाली. सोव्हिएत चमूत तोही होता. पहिला आला त्याच चमूतला लेव्ह ओबोरिन. शोस्ताकोविचच्या वाट्याला आली फक्त सन्मानपदविका. त्यानंतर त्याचा तोल हळूहळू रचनेकडे झुकला. मैफलींत तो मुख्यतः स्वतःच्याच रचना वाजवू लागला.

सिनेमाने मात्र त्याला सोडलं नाही. १९२९मध्ये ‘न्यू बॅबिलोन’ या मूकपटासाठी त्याने संगीत लिहिलं. ते इतकं अवघड होतं की थिएटरांतल्या वाद्यवृंदांना पेलवेना. कधीकाळी जिथे स्वतः बसला होता, तिथल्या वादकांना त्याने घाम फोडला! तरी पुढच्या आयुष्यात त्याने तीसहून अधिक चित्रपटांना संगीत दिलं.

त्या नोकरीने त्याला घडवलं की अडवलं? दोन्ही, असं मला वाटतं. तिने वेळ खाल्ला हे खरं, आणि घराला हातभार लावला हेही खरं. तिचा हिशेब एका ओळीत मांडता येत नाही.

इयरफोन लावून पहिल्या सिंफनीचा दुसरा भाग ऐका. जेमतेम पाच मिनिटांचा आहे. वाद्यवृंद धावत असतो, आणि मध्येच पियानो घुसतो. शेवटाकडे तोच पियानो तीन दणदणीत ठोक्यांत सगळ्यांना जागच्या जागी थांबवतो. पडद्यावरच्या दृश्यामागे धावायचं बंधन इथे त्याला नाही.