'नीस' मंडळी

फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस, कारखानीस, पारसनीस. एकाच शाळेच्या हजेरीपटावर ही सारी आडनावे सापडावीत, इतकी ती आपल्या अंगवळणी पडली आहेत. त्यांच्या शेपटाला असलेला 'नीस' म्हणजे फारसीतला 'नवीस', अर्थात लिहिणारा. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस आणि फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा पारसनीस. पोत म्हणजे खजिना, तिथली रोकड लिहिणारा पोतनीस. त्याच खजिन्यात नाणे खरे की खोटे हे पारखणारा पोतदार.

हे शब्द टिकले याचे नवल वाटायला हवे, कारण ते घालवण्याचा प्रयत्न खुद्द शिवाजी महाराजांनी केला होता. १६७४ च्या राज्याभिषेकात अष्टप्रधानांची फारसी नावे बदलली. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनीसाचा सचिव, वाकनीसाचा मंत्री, डबिराचा सुमंत आणि सरनोबताचा सेनापती. रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे राज्यव्यवहारकोशाचे काम सोपवले गेले. दरबार, दुर्ग, शस्त्रे, लेखन, व्यापार अशा दहा वर्गांत मांडलेल्या या कोशात रोजच्या कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवलेले आहेत.

वरच्या पायऱ्यांवर ते काही अंशी रुजलेही. भोरचे संस्थानिक शेवटपर्यंत पंतसचिव म्हणवत राहिले, बावड्याचे पंत अमात्य. पण पेशवा मात्र पेशवाच राहिला! बाजीरावाच्या शिक्क्यात अक्षरे आहेत 'मुख्य प्रधान' अशी. लोकांच्या तोंडी, बखरीत आणि पुढे इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत तो पेशवाच.

गडावर तर जुनी नावे हललीच नाहीत. महाराजांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी, १६९७ च्या सुमारास, कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली. गडाचा बंदोबस्त सांगताना त्याच्या लेखणीतून हवालदार, सबनीस, सरनोबत आणि कारखानीस हेच शब्द उतरतात. गड एकाच्या हाती राहू नये म्हणून पहिले तिघे तोलामोलाचे अधिकारी नेमलेले असत. सबनिसाकडे दफ्तर, कारखानिसाकडे दाणागोटा आणि साहित्याचा हिशेब. हा कारखाना धूर ओकणारा नव्हे. कारखाना म्हणजे सरकारी साठ्याचे किंवा कामाचे एकेक खाते. कारखानिसांच्या पूर्वजांनी यंत्रे चालवली असतील असे समजणाऱ्याचा तिथेच घोळ होतो.

खालचे शब्द टिकण्याचे कारण कोशात शोधून उपयोग नाही, ते वतनात आहे. शिवकाळात प्रधानाचे पद राजाच्या मर्जीचे. कारकुनी मात्र बापाकडून मुलाकडे जाई, तिच्याबरोबर मोडीचे वळण जाई, हिशेबाची रीत जाई आणि हुद्द्याचे नावही. सनदेत, महजरात, वतनाच्या तंट्यात जो शब्द लिहिला तोच घराण्याचा पुरावा. तो बदलून स्वतःचाच हक्क कोण पातळ करील? नाना फडणविसाचे मूळ आडनाव भानू, हे आज मुद्दाम सांगावे लागते. हुद्द्याने घराण्याचे नाव गिळले ते असे.

फडणविसातला 'फड' मोठा गमतीचा. पुण्याच्या हुजूर दफ्तराचा तो गाभा. राज्याचा जमाखर्च शेवटी तिथे येऊन ठेपे. पण फड उसाचाही असतो, कुस्तीचा आणि तमाशाचाही. माणसे जमून काम जुंपले की मराठीत फड लागतो, मग हातात कोयता असो वा बोरू. त्याच दफ्तराच्या एकबेरीज विभागात राज्याच्या उत्पन्न-खर्चाचा गोषवारा तयार होई, त्याला म्हणत तर्जुमा. आज तर्जुमा म्हटले की भाषांतरच आठवते, आणि तेही जरा वडीलधाऱ्या माणसाला.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हे हुद्दे बेकार झाले. दफ्तरातले कागद रुमालांत बांधलेले राहिले, इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी त्यांतून निवडलेल्या पत्रांचे १९३० पासून पंचेचाळीस खंड निघाले. हुद्द्यांची नावे मात्र लोकांच्या नावांपाठी आडनावे होऊन चालत राहिली. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तूल नेमबाजीत सुवर्णपदक मिळवणारी कोल्हापूरची राही सरनोबत हे त्यातले सर्वांत चपखल उदाहरण. सरनोबत म्हणजे सेनापतीच की!

'नीस'चे काम ती 'निशी', आणि ती मात्र अजून नोकरीत आहे. महाराष्ट्रातल्या कित्येक सरकारी कचेऱ्यांत अर्ज द्यायला गेलेल्या माणसाला अजूनही आवक-जावक बारनिशीच्या टेबलाकडे पाठवतात. तिथला कारकून जाड नोंदवहीत क्रमांक घालतो, अर्जावर शिक्का मारतो आणि पोच देतो.